औषध पोहोचवण्याची विद्या : प्रस्तावना

साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. ही साडेवीस ग्रॅमची पूड एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवली की ओआरएस तयार होते. यातला एकही घटक नवा नाही, महाग नाही. तरीही जुलाबाने कोरडे पडलेले मूल याने वाचते. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी व्यवस्था असते. दोन्ही योग्य प्रमाणात मिळाले की ती दोघांना उचलते आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी रक्तात येते. नुसते पाणी पाजून हे होत नाही, नुसते मिठाचे पाणी पाजूनही होत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे द्रावण तोंडाने पाजायला लावले आणि कॉलऱ्याने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. द्यायचे होते ते पाणी आणि क्षारच. बदलला तो मार्ग.

ही पुडी आज खेड्यातल्या मेडिकलपासून आशाताईंच्या पिशवीपर्यंत सगळीकडे सापडते. तिचा घरोघरी माहीत असलेला ब्रँड म्हणजे इलेक्ट्रॉल, आणि तो काढणाऱ्या एफडीसी कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आहे. या पुस्तकाच्या विषयाकडे जाणारी याहून जवळची वाट मला दिसत नाही. औषध कोणत्या मार्गाने जावे, किती वेगाने सुटावे, किती वेळ टिकावे आणि नेमके कुठे पोहोचावे, याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे ड्रग डिलिव्हरी. रेणू शरीरात काय करतो हे औषधशास्त्र सांगते. त्या रेणूला कामाच्या जागेपर्यंत धडपणे नेण्याची जबाबदारी आपली.

हे पुस्तक बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षातल्या आणि एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिले आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, चितेगाव, पैठण इथल्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करणारे केमिस्ट आणि ऑपरेटर, काउंटरमागे उभे राहणारे फार्मासिस्ट, वॉर्डातल्या परिचारिका आणि या व्यवसायात पैसा घालू पाहणारे उद्योजक यांनीही ते वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. औषधाचा प्रवास यांपैकी प्रत्येकाच्या हातून होतो, पण अख्खा प्रवास एकालाही दिसत नाही. तो एकत्र दाखवणे हाच या प्रकरणांचा हेतू आहे.

शास्त्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५२ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीने स्पॅन्स्यूल नावाची कॅप्सूल बाजारात आणली. आत शेकडो बारीक मणी, काहींवर पातळ लेप, काहींवर जाड. पातळ लेपाचे मणी लवकर सुटत, जाड लेपाचे उशिरा, आणि एका कॅप्सूलवर अर्धा दिवस निघत असे. १९६८ मध्ये अलेहांद्रो झाफारोनी यांनी अल्झा ही कंपनी काढली ती औषध ठरावीक वेगाने सोडणारी साधने बनवण्यासाठीच. पुढे त्वचेवरचे पॅच आले, स्नायूत टोचून महिनाभर झिरपत राहणारी डेपो इंजेक्शने आली. १९९५ मध्ये डॉक्सिल हे मेदाच्या सूक्ष्म गोलकांत भरलेले कर्करोगाचे औषध अमेरिकेत मंजूर झाले आणि नॅनोऔषधांचे युग सुरू झाले. २०१८ मध्ये आरएनए-औषध पेशीत नेणारे मेदकण मंजूर झाले, आणि दोनच वर्षांनी त्याच तत्त्वावरच्या कोविड लसी जगभर टोचल्या गेल्या. सत्तर वर्षांत हे शास्त्र लेप चढवलेल्या मण्यापासून पेशीच्या आतल्या पत्त्यापर्यंत आले.

आपल्या शहरात ते कारखान्यांच्या वाटेने आले. औषध उद्योगाचा विस्तार मुंबई-ठाण्याबाहेर होऊ लागला, तेव्हा तत्कालीन औरंगाबादेत जागा होती, एमआयडीसीच्या सोयी होत्या आणि १९५८ पासून स्वतःचे विद्यापीठ होते. लुपिन, वोक्हार्ट, एफडीसी, अजंता फार्मा, ग्लेनमार्क अशी नावे इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर दिसू लागली. उस्मानपुऱ्यातले शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि रौजाबागेतले वाय. बी. चव्हाण महाविद्यालय यांतून बाहेर पडलेली मुले त्या पाट्यांमागे कामाला लागली. बीड, जालना, परभणीच्या कितीतरी घरांत पहिला पगार क्यूसी लॅबमधून आला. या क्षेत्राची आकडेवारी वाचताना ही घरे माझ्या डोळ्यांसमोर असतात.

आता आकडेवारीकडे वळू. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार २०२३-२४ मध्ये भारतीय औषध बाजार सुमारे ५० अब्ज डॉलरचा होता. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा निर्यातीचा. जगातल्या जेनेरिक औषधांचा नगांच्या हिशेबाने सुमारे पाचवा भाग भारतातून जातो. मात्र नगांत पुढे असलेला देश मोलात बराच मागे आहे, आणि याचे एक मोठे कारण आपल्या विषयात दडलेले आहे. साधी गोळी शंभर कंपन्या बनवू शकतात, तिथे स्पर्धा केवळ पैशापैशाची उरते. चोवीस तास समान वेगाने सुटणारी गोळी, श्वासातून जाणारी भुकटी, आधीच भरलेली पेन-सुई किंवा मेदकणांतले इंजेक्शन बनवणारे मोजकेच असतात. बाजार तिकडे सरकतो आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा असे आयुष्यभर सोबत राहणारे आजार वाढले आहेत. अनेक नवी औषधे प्रथिने किंवा पेप्टाइड असतात, आणि पोटातले आम्ल व पाचकरस ती सहज मोडून टाकतात. शिवाय रुग्णालयात घ्यायचे उपचार आता घरी आले आहेत. या तिन्ही गोष्टी 'काय द्यायचे' इतकेच 'कसे द्यायचे' याला महत्त्व देतात.

कसे द्यायचे, हे किती काटेकोर काम आहे ते एका चाचणीत जवळून पाहू. मेटोप्रोलॉल सक्सिनेट हे रक्तदाबाचे आणि हृदयाचे औषध. त्याच्या लांब पल्ल्याच्या गोळीत अनेकदा लेप चढवलेले असंख्य मणी दाबून बसवलेले असतात. गोळीतून औषध किती वेगाने सुटते ते मोजणाऱ्या डिसोल्यूशनच्या यंत्रात काचेची सहा भांडी ओळीने असतात, प्रत्येकात ५०० मिलिलिटर बफर, तापमान ३७ अंश, आणि मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी फिरणारी वल्ही. सहा गोळ्या एकाच वेळी सोडतात आणि केमिस्ट ठरलेल्या तासांना नमुने काढतो. अमेरिकी औषधकोशाच्या मूळ कसोटीनुसार पहिल्या तासाला पंचवीस टक्क्यांहून जास्त औषध सुटता कामा नये. चौथ्या तासाला ते वीस ते चाळीस टक्क्यांच्या दरम्यान हवे, आठव्या तासाला चाळीस ते साठच्या, आणि विसाव्या तासाला किमान ऐंशी टक्के बाहेर आलेले हवे. लेप थोडा पातळ झाला तर औषध एकदम सुटते आणि नाडी नको तितकी मंदावते. जाड झाला तर गोळी काम न करताच शरीराबाहेर पडते. मण्यांवर लेप चढवताना हवेचे तापमान, फवाऱ्याचा वेग आणि वाळवण्याचा वेळ यांतला लहानसा फरक विसाव्या तासाला आकडा होऊन समोर येतो. रात्रपाळीत बसून तो विसाव्या तासाचा नमुना काढणारी मुलगी कुणाच्यातरी आजोबांच्या नाडीवर पहारा देत असते.

आपल्या शहराने या चाचणीची किंमतही मोजली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वोक्हार्टच्या वाळूजच्या आणि नंतर चिकलठाण्याच्या कारखान्यांतून होणाऱ्या आयातीवर निर्बंध घातले. कागदपत्रांच्या आणि नोंदींच्या विश्वासार्हतेविषयी गंभीर आक्षेप होते. पुढच्याच वर्षी या कंपनीने याच मेटोप्रोलॉलच्या एक लाखाहून अधिक बाटल्या अमेरिकेतून परत बोलावल्या. कारण दिले गेले ते डिसोल्यूशनमध्ये न बसण्याचे. त्या काळात देशातल्या इतर बड्या कंपन्यांवरही अशीच कारवाई झाली, म्हणून हा धडा एका कारखान्याचा नसून सगळ्या उद्योगाचा आहे. साधी गोळी बनवताना एखादी चूक झाकली जाते, अवघड गोळीत ती लपत नाही. औषध जितके कौशल्याचे, तितकी वहीतली नोंद खरी हवी. याच वोक्हार्टने २००३ मध्ये मानवी इन्सुलिन देशात बनवून बाजारात आणले होते, आणि चिकलठाण्यात संशोधन केंद्र असलेल्या याच कंपनीचे नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक २०२४ च्या अखेरीस देशासमोर आले. न्यूमोनियासाठी ते दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचे असते. क्षमता आणि शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; या बाजारात दोन्ही लागतात.

देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण क्षयरोगाचे. जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत, आणि क्षयाच्या औषधांत जगभर नाव असलेल्या लुपिनचा एक जुना कारखाना चिकलठाण्यात आहे. २०१७ मध्ये आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने आठवड्यातून तीनदा औषध देण्याची जुनी पद्धत सोडली आणि रोज एकाच गोळीत चार औषधे देणे सुरू केले. रिफाम्पिसिन १५०, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅमब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. रुग्णाच्या वजनाप्रमाणे अशा दोन, तीन, चार किंवा पाच गोळ्या. रुग्णाला हे सोपे, पण गोळी करणाऱ्याला तितकेच अवघड. पोटातल्या आम्लात आयसोनियाझिड सोबत असेल तर रिफाम्पिसिन अधिक वेगाने मोडते. म्हणजे एकाच गोळीतले दोन सोबती एकमेकांना मारक ठरतात. चारही औषधे गोळीत मोजून भरली, तरी रक्तात तेवढी पोहोचतील याची हमी त्यातून मिळत नाही. ती हमी कणांचा आकार, ओलावा, दाब आणि वेष्टन यांतून मिळवावी लागते. रिफाम्पिसिन कमी पोहोचले की जंतू मरत नाहीत, सवय लावून घेतात, आणि प्रतिरोधी क्षय जन्माला येतो. गोळीची गुणवत्ता इथे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होते.

इन्सुलिनची गोष्ट याहून घरगुती आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतले जे इन्सुलिनवर आहेत, त्यांच्यासाठी आपल्या बाजारात दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते. कुपीत बहुधा यू-४०, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये यू-१००, म्हणजे शंभर युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची केशरी. वीस युनिटची खूण दोन्हींवर आहे. पण यू-१०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत ओढले तर अंगात पन्नास युनिट जातात, आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उलट झाले तर वीसऐवजी आठच युनिट मिळतात आणि साखर उतरत नाही. औषध उत्तम, सिरिंज उत्तम, आणि चूक दोघांच्या मधल्या जागेत. त्यात आपला उन्हाळा. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे, उघडलेली कुपी तीस अंशांच्या खाली साधारण चार आठवडे वापरायची. आणि एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातली दुपार चाळिशी ओलांडते. ज्या घरात फ्रिज नाही, तिथे बाई कुपी पिशवीत बांधून माठाच्या गारव्याला ठेवते. प्रयोगशाळेतल्या स्थिरता-चाचणीत ती बाई दिसत नाही. तिला चाचणीत आणणे, म्हणजे तिच्या घरातले तापमान गृहीत धरून औषध घडवणे, हे आपल्या शास्त्राचे काम आहे.

आजच्या बाजाराला सर्वांत मोठा रेटा मिळाला आहे तो सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड या औषधांनी. मधुमेह आणि वजन या दोन्हींसाठी ती आठवड्यातून एकदा टोचली जातात. २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइडचा मौंजारो आणि सेमाग्लुटाइडचा वेगोव्ही हे ब्रँड भारतात आले. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, आणि तिच्याकडे डोळे लावून अनेक भारतीय कंपन्या तयारीला लागल्या. टोचायचे औषध तोंडाने देता येईल का, या आपल्या क्षेत्रातल्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही याच रेणूने २०१९ मध्ये दिले. सेमाग्लुटाइडच्या गोळीत स्नॅक नावाचा एक सोबती घटक असतो. गोळी जठराच्या भिंतीला टेकते तिथे तो थोड्या वेळापुरते आम्ल शमवतो आणि पेप्टाइडला अस्तरातून पलीकडे जाऊ देतो. त्यासाठी गोळी अनशापोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचे नाही. एवढे करूनही रक्तात पोहोचते ते साधारण एक टक्का. आठवड्याला इंजेक्शनातून एक मिलिग्रॅम पुरतो, तिथे रोजच्या चौदा मिलिग्रॅमच्या गोळ्यांतून ९८ मिलिग्रॅम गिळावे लागतात. विज्ञान म्हणून ही मोठी झेप आहे. किमतीच्या दृष्टीने पाहिले तर सुईला पर्याय शोधण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

आणि इथेच आपल्या शहराला एक संधी आहे, जिच्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. पेन-सुई ही अर्धी औषध असते आणि अर्धी यंत्र. तिच्या पोटात काचेचे कार्ट्रिज, रबरी दट्ट्या, बारीक स्प्रिंग, दाते असलेली फिरकी आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळणारे प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात. एका टिचकीला एक युनिट, हे त्या दात्यांच्या अचूकपणावर ठरते. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती साचे, डाय, स्प्रिंगा, इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वस्ती उभी राहिली. चिकलठाण्यातली इंडो-जर्मन टूल रूम पिढ्यान्‌पिढ्या साचेकार घडवते आहे. एका एमआयडीसीत गोळ्यांचे कारखाने आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून साच्यांचे कारखाने, अशी शेजारवस्ती देशात फार ठिकाणी नाही. पण हे शेजारी एकमेकांशी क्वचित बोलतात. फार्मसीच्या विद्यार्थ्याने साचा कसा घडतो ते पाहिलेले नसते, आणि साचेकाराला निर्जंतुक खोलीची शिस्त ठाऊक नसते. पेन, इन्हेलर, आधीच भरलेल्या सिरिंजा यांचे पुढचे दशक या दोघांनी एकत्र बसण्याचे आहे. म्हणूनच साधनांवरचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे ठेवले आहे.

साधन बनवताना रुग्णाला विसरले तर काय होते, हे फायझरच्या एक्झुबेराने दाखवले. श्वासातून घ्यायचे हे इन्सुलिन जानेवारी २००६ मध्ये मंजूर झाले. सुई टळणार म्हणून मोठा गाजावाजा होता. पण उपकरण आकाराने मोठे, चारचौघांत काढायला अवघड. डोस युनिटमध्ये नसून मिलिग्रॅममध्ये, आणि एक मिलिग्रॅमच्या तीन पुड्या म्हणजे तीन मिलिग्रॅमची एक पुडी नव्हे, इतका गोंधळ. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने ते मागे घेतले आणि अब्जावधी डॉलर बुडाले. सुईची भीती कंपनीने ओळखली होती. रुग्णाचा दिवस ओळखला नव्हता.

मेदकणांचे महत्त्व मराठवाड्याला कोविडने शिकवले. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात आणि खासगी दवाखान्यांत दाखल होऊ लागले आणि नातेवाईक अॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी शहरोशहरी फोन करत राहिले. हे जुने औषध बुरशीला मारते, पण मूत्रपिंडालाही इजा करते. मेदाच्या गोलकांत भरले की मूत्रपिंड बरेच वाचते आणि मात्रा वाढवता येते. किलोला पाच मिलिग्रॅम धरले तर साठ किलोच्या माणसाला दिवसाला तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि त्याही कित्येक आठवडे. एका कुपीची किंमत हजारांत. त्या मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने अॅम्फोटेरिसिनचे उत्पादन सुरू केले, ही विदर्भ-मराठवाड्याला मोठी मदत होती. त्याआधी कितीतरी वर्षे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या डॉ. बी. के. बच्छावत यांच्यासह भारतीय लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनवर काम केले होते. पुण्याच्या जेनोव्हाने २०२२ मध्ये मंजुरी मिळवलेली एमआरएनए लस साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकेल अशी गोठवून वाळवली, आणि पुढच्या वर्षी आलेली तिची आवृत्ती सुईविना त्वचेत देण्याची सोय केली. पुण्याच्याच एमक्युअरला २०२४ मध्ये वर्षातून दोनदा टोचायच्या लेनाकॅपाविर या एचआयव्हीवरील औषधाचा परवाना मिळाला. यांतली बहुतेक कामे आपल्या हाकेच्या अंतरावर झाली आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांना परदेशी शोधनिबंधांइतक्याच आदराने अभ्यासावे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी लागते. २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्या नियमांनुसार सावकाश सुटणारी गोळी किंवा नवी वहनपद्धती ही कायमच 'नवे औषध' मानली जाते. मूळ रेणू कितीही जुना असला तरी केंद्रीय परवानगी लागते. दुसऱ्या बाजूने २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशातले बत्तिसावे कलम देशात संशोधन करून घडवलेल्या नव्या वहनपद्धतीच्या नव्या औषधाला पाच वर्षे किमतीच्या नियंत्रणातून सूट देते. पेटंट कायद्यातले ३(ड) कलम मात्र परिणामकारकतेत खरी भर नसेल तर जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट देत नाही. हे तीन नियम एकत्र वाचले की सरकारचा आशय स्पष्ट होतो : रुग्णाला खरा फायदा दाखवा, मग मोबदला मिळेल. २०२३ च्या अखेरीस अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमने लहान कारखान्यांनाही जागतिक दर्जाच्या शिस्तीत आणले आहे. खर्च वाढेल, काही जणांना जड जाईल. तरीही ही शिस्त मला आवश्यक वाटते, आणि त्याचे कारण दुःखद आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले आणि न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लहान मुले त्याच विषाच्या कफ सिरपने दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. या दुसऱ्या वेळी विष होते ते औषधाला वाहून नेणाऱ्या द्रवात. ज्याला आपण 'निष्क्रिय घटक' म्हणून यादीच्या तळाशी ढकलतो, त्याची चाचणी मुख्य औषधाइतकीच काटेकोर झाली पाहिजे. सहायक घटकांवरचे प्रकरण वाचताना ही नावे आणि ही वर्षे विसरू नयेत, अशी माझी विनंती आहे.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. या बाजाराची वाढ कारखान्याच्या गेटवर मोजू नये, रुग्णाच्या शरीरात मोजावी. जायकवाडीत पाणी किती साठले यावर कालव्याचे यश ठरत नाही. शेवटच्या चारीवरच्या शेताला किती मिळाले यावर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नोंदवले होते की, श्रीमंत देशांतही दीर्घ आजारांचे औषध नियमित घेणारे रुग्ण सरासरी निम्मेच असतात. आपल्याकडे गळती आणखी वेगवेगळ्या जागी होते. म्हाताऱ्या सासऱ्यांना गिळवत नाही म्हणून सून चोवीस तासांची गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवते, आणि दिवसभराचे औषध तासाभरात अंगात जाते. दम्याचा रुग्ण 'पंप' दाबतो पण श्वास त्याच क्षणी आत ओढत नाही, आणि फवारा टाळूवर बसतो. चार गोळ्यांचे पाकीट परवडत नाही म्हणून दोनच घेतल्या जातात. पाकिटावरची सूचना बारीक इंग्रजीत असते. यांतले काहीही डिसोल्यूशनच्या भांड्यात दिसत नाही, आणि तरीही औषध पोहोचवण्याचे अपयश म्हणून ते आपल्याच खात्यावर पडते.

पुस्तकाची रचना अशी आहे. आधी शरीराचे मार्ग, मग गोळी व लेप, त्यानंतर श्वास, त्वचा, डोळा, इंजेक्शन आणि साधने, पुढे मेदकण व जनुकीय औषधे, आणि शेवटी बाजार, कायदा आणि रुग्ण. घाई असलेल्या वाचकाने शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल. किंबहुना उद्योजकांनी तो आधीच वाचावा. विद्यार्थ्यांनी मात्र गणिते टाळू नयेत. सुटण्याचा वेग मांडणारी समीकरणे कागदावर रुक्ष वाटतात, पण त्यांतल्या प्रत्येक चिन्हामागे लेपाची जाडी, पाण्याचा शिरकाव किंवा आतड्यातला वेळ असतो.

तरुण वाचकांसमोर काही प्रश्न ठेवतो. चाळीस अंशांच्या घरात चार आठवडे टिकणारे इन्सुलिन करता येईल का? वृद्धांना गिळता येईल आणि तरीही सावकाश सुटेल अशी गोळी किंवा दाणे स्वस्तात करता येतील का? परत परत भरून वापरता येईल अशी पेन-सुई याच शहरातल्या साच्यांतून, रोजंदारीवरच्या माणसाला परवडेल अशा किमतीत निघेल का? चार औषधांच्या गोळीत रिफाम्पिसिनचे आणखी चांगले रक्षण होईल का? आणि वाचता न येणाऱ्या रुग्णालाही समजेल असे मराठीतले, चित्रांचे पाकीट कसे असावे? यांतल्या कोणत्याही प्रश्नाला हात घालायला परदेशी प्रयोगशाळा लागत नाही. डिसोल्यूशनचे यंत्र महाविद्यालयात आहे, साचेकार शेजारच्या प्लॉटवर आहे, आणि रुग्ण घाटीच्या ओपीडीत रोज सकाळी रांगेत उभा असतो. त्याच्याशी अर्धा तास बोलून अभ्यासाला सुरुवात करा, नोंद खरी ठेवा, आणि जमले नाही तर तेही लिहून ठेवा. पुढच्याला त्याचा उपयोग होईल. या विद्येत तुमचे मनापासून स्वागत आहे.

छत्रपती संभाजीनगर